डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स
साथीतून वाचलेली माणसे आणि बुद्धिमान कपी यांच्यातील डळमळीत शांततेवरील अमेरिकी विज्ञानपट (२०१४). दिग्दर्शक मॅट रीव्ह्ज. मालिकेचे मूळ प्येर बूल यांच्या १९६३ च्या फ्रेंच कादंबरीत असून हा चित्रपट २०११ च्या ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’चा उत्तरभाग आहे. प्रयोगशाळेतील विषाणूमुळे मानवजात बहुतांश नष्ट झाल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी कथा सुरू होते. सॅन फ्रान्सिस्कोतील माणसांना विजेसाठी बंद पडलेले धरण हवे असते; ते मात्र कपींच्या जंगलात असते. कपींचा नेता सीझर व माणसांपैकी माल्कम समझोता घडवतात. मात्र प्रयोगशाळेत छळ सोसलेला कपी कोबा माणसांच्या शस्त्रसाठ्यावरच्या पहारेकऱ्यांपुढे सर्कशीतल्यासारख्या माकडचेष्टा करतो, बंदूक हाती येताच त्यांना ठार करतो. पुढे तो सीझरवर गोळी झाडून आळ माणसांवर घालतो आणि युद्ध पेटते. शांतता मोडणारे दोन्ही बाजूंस आहेत, हे कथेचे बळ. कपी बहुधा खुणांच्या भाषेत बोलतात (पहा : चिंपँझी, सांकेतिक भाषा). अँडी सर्किस यांचा सीझर अभिनेत्याच्या हालचाली टिपणाऱ्या अभिनय-ग्रहण तंत्राने साकारला असून (पहा : संगणकीय सजीवीकरण) या तंत्राच्या इतिहासात तो महत्त्वाचा ठरतो. दृश्य परिणामांसाठी चित्रपटास ऑस्कर नामांकन मिळाले. पुढील भाग २०१७ मध्ये प्रदर्शित झाला.