बाबराला फणस आवडला नाही

बाबरनामा संपवायला मला चौदा महिने लागले. पुस्तक सातशे पानांहून मोठं, इंग्रजीतलं, आणि माझं इंग्रजी मंडणगडच्या शाळेतलं. त्यात दिवसभर झेरॉक्सचं दुकान. तलाठ्याचा दाखला, सातबारा, आधार कार्डाच्या दोन-दोन प्रती काढता काढता समरकंदला जाऊन येणं जमत नाही. म्हणून वाचन पहाटेचं. फजरच्या नमाजनंतर कोरा चहा, ओटीवरची खुर्ची आणि दोन पानं. कधी तीन. शब्दकोश मांडीवर.

हे पुस्तक हातात का घेतलं ते आधी सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून रात्रीच्या गाडीने गावी येत होतो. खिडकीच्या जागेवरून वाद झाला. जागा माझी होती, तिकीट माझ्या हातात होतं. समोरच्याने तिकिटाकडे पाहिलं नाही, माझ्या दाढीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबराची औलाद." गाडीत कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. महाड येईपर्यंत उत्तर शोधत राहिलो आणि तेव्हा जाणवलं की बाबराबद्दल आपल्याला एक सन सोडून काही ठाऊक नाही. 1526, पानिपतची पहिली लढाई, दोन मार्क.

आता वाटतं, त्या माणसालाही तेवढंच ठाऊक असावं.

पुस्तक मिळालं फार उशिरा, मुंबईत रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात. ॲनेट बेव्हरिज या बाईंनी मूळ तुर्कीवरून केलेला अनुवाद. बाईंचा जन्म 1842 चा आणि अनुवाद भागाभागाने छापून झाला 1912 ते 1922 या काळात. म्हणजे सत्तरीत सुरू आणि ऐंशीत पूर्ण. हे कळल्यावर माझ्या चौदा महिन्यांचं रडगाणं मी बंद केलं.

तरी सुरुवातीची दोनशे पानं म्हणजे चढ. हिजरी 899 चा रमजान, म्हणजे आपल्या हिशेबाने 1494, फर्गाना, बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसतो. वाचकाला वाटतं, आता गोष्ट चालू होईल. तर नाही. मग बापाचं वर्णन, चुलत्यांचं वर्णन, प्रत्येक चुलत्याच्या बायका, मुली, सरदार, सरदारांच्या खोडी. सगळ्यांची नावं मिर्झा नाहीतर सुलतान. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वंशावळ काढली, ती तीन कॅलेंडरं पुरली. महिनाभर पुस्तक फळीवर ठेवून दिलं, तेही कबूल करतो.

परत उघडलं ते कबुतरांमुळे. बाबराचा बाप उमर शेख, फर्गान्याचा राजा, मेला कसा? लढाईत नव्हे. त्याचा कबुतरखाना दरीच्या काठावर होता, तो ढासळला आणि हा कबुतरांसकट खाली गेला. बाबर लिहितो की तो कबुतरांबरोबर उडून गेला. बापाच्या मरणावर पोरगा असं लिहितो आणि पुढच्या ओळीत बापाची उंची, पोट, दाढी, अंगरखा किती घट्ट घालायचा ते सांगतो. बारा वर्षांच्या पोराला बाप असाच आठवणार. माझ्या अब्बांचं काय आठवतं विचाराल तर मीही त्यांच्या चपलांचा आवाज सांगेन.

तेव्हापासून मी लढाया भरभर आणि असल्या जागा सावकाश वाचू लागलो. इतिहासाचा अभ्यासक असं करणार नाही. मी झेरॉक्सवाला आहे.

हिंदुस्थान जिंकल्यावर बाबर तक्रारींची यादीच करतो. इथे चांगले घोडे नाहीत, चांगली कुत्री नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही, बाजारात बरी भाकरी नाही, हमामखाने नाहीत. अगदी सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं. 1529 मध्ये आपल्या जुन्या साथीदाराला, ख्वाजा कलानला, काबूलला पत्र लिहितो, त्यात सांगतो की इथे एक खरबूज आणलं, ते कापलं, खाल्लं आणि मला रडू आलं. आग्र्याच्या तख्तावर बसलेला माणूस. कुवेतला गेलेली आमच्या तालुक्यातली पोरं मे महिन्यात फोनवर आंब्याबद्दल बोलताना ज्या आवाजात बोलतात, तोच हा आवाज.

आंब्याला मात्र तो अर्धाच मान देतो. हिंदुस्थानातलं सगळ्यात चांगलं फळ हे कबूल करतो, पण लोक म्हणतात तितकं काही नाही, असं पुढे जोडतो. त्याने हापूस खाल्ला नव्हता, हे मी माझ्याकडून जोडतो.

आणि मग येतो फणस. जुलैची पहाट होती, बाहेर धो धो पाऊस, आदल्या दिवशी कापलेल्या बरक्या फणसाचा वास घरभर. बाबर लिहितो की हे फळ दिसायलाही वाईट आणि चवीलाही वाईट. मेंढराचं पोट आतून मसाला भरून फुगवावं तसं दिसतं. गोड तर इतकं की मळमळावं. आणि इतकं चिकट की लोक खाण्याआधी हाताला आणि तोंडाला तेल लावतात.

मी इतका मोठ्याने हसलो की बायको चुलीजवळून उठून आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तेल लावतात ते बरोबर लिहिलंन. चव कळली नाही त्याला." मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत खोबरेल होतं. पुस्तकाच्या त्या पानावर अजून डाग आहे.

गाडीतल्या त्या माणसाला द्यायचं उत्तर मला तेव्हा मिळालं, तीस वर्षं उशिरा. दादा, बाबराची औलाद असतो तर बरका फणस असा खाल्ला असता का?

पण खरं उत्तर त्याहून लांब आहे आणि त्यासाठी मागे जावं लागतं. बाबर खैबरकडून आला. आमचा किनारा त्याआधीच समुद्राकडून जगाला जोडलेला होता. अल-मसुदी हा बगदादचा प्रवासी इसवी सन 916 च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, येऊन गेला. त्याने तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान पाहिले. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले, ज्यांना वेगळं नाव पडलं होतं. पानिपतच्या सहाशे वर्षं आधी. चौलपासून बाणकोटची खाडी फार लांब नाही. आमचं घराणं त्यातलंच, असं म्हणायला माझ्याकडे कागद नाही आणि मी म्हणणार नाही. एवढंच म्हणतो की या किनाऱ्यावर अजान आणि मराठी एकमेकींना फार जुन्या ओळखतात.

बाबरानंतर इब्न बतूता घेतला. त्याच्या प्रवासाच्या इंग्रजी अनुवादाचे चार खंड. पहिला 1958 ला निघाला आणि चौथा 1994 ला. मधे मूळ अनुवादक गिब वारले, काम बेकिंगहॅम यांनी पुरं केलं. तो 1342 मध्ये दिल्लीहून निघाला, खंबायतच्या आखातातून जहाजाने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला गेला. म्हणजे आमच्या समोरून गेला असणार, फक्त थांबला नाही.

हा गृहस्थ बाबराच्या अगदी उलट. मुगाची खिचडी तूप घालून सकाळी खातात, हे आवडीने लिहितो. आणि फणस? त्याच्या मते हिंदुस्थानातलं सर्वोत्तम फळ. त्याने दोन नावं दिलीत, शकी आणि बरकी. खोडावर खाली, जमिनीजवळ लागतो तो बरकी, जास्त गोड. वर लागतो तो शकी. बरकी हा शब्द वाचला आणि मी खुर्चीतून उठलोच. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मोरोक्कोच्या माणसाने आमचा बरका लिहून ठेवला! दुकानात येईल त्याला सांगत सुटलो.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या पुस्तकात कळलं की जाणकार ही नावं मलबारची धरतात. मल्याळममध्ये फणस म्हणजे चक्का आणि त्यातल्या एका जातीचं नाव वरिक्का. वरिक्का तर कापा निघाला, घट्ट गऱ्यांचा. माझा बरका बुडाला. ज्या-ज्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं त्यातल्या निम्म्यांना परत सांगितलं, उरलेल्यांना सांगायचं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. इब्न बतूता लिहितो की फणसाच्या बिया तांबड्या मातीत ठेवतात, त्या पुढच्या वर्षापर्यंत टिकतात, आणि भाजून-उकडून खाल्ल्या की शेंगांच्या दाण्यांसारख्या लागतात. माझी दादी आठळ्या मातीत घोळून मागच्या पडवीच्या कोपऱ्यात ठेवायची. आम्ही पोरं श्रावणात त्या चोरून चुलीच्या राखेत भाजायचो. दादीला अक्षरओळख नव्हती. तिच्या पडवीचा तो कोपरा चौदाव्या शतकातल्या अरबी पुस्तकात सापडेल असं तिला सांगितलं असतं, तर तिने आधी मातीचे हात धुवायला पाठवलं असतं.

सध्या मराठी रियासत चालू आहे. आठ खंड. गोविंद सखाराम सरदेसाई आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, गोविलचे, जन्म 1865 चा. 1889 मध्ये बडोद्याला सयाजीरावांकडे नोकरीला लागले, राजपुत्रांना शिकवू लागले, आणि त्या शिकवण्यासाठी केलेल्या टिपणांतून रियासती उभ्या राहिल्या. आधी 1898 मध्ये मुसलमानी रियासत, मग मराठी. 1925 ला निवृत्त होऊन कामशेतला राहिले. दोन्ही मुलगे बापाच्या डोळ्यांदेखत गेले. आणि चौसष्टाव्या वर्षी या माणसाने पेशवे दप्तराचे मोडी रुमाल सोडायला घेतले, त्यातून 45 खंड छापले. मधूनमधून बंगालहून जदुनाथ सरकार येऊन कामशेतला राहत, दोघे म्हातारे कागद लावत बसत. शिवाजी महाराजांबद्दल, पेशव्यांबद्दल दोघांची मतं जुळायचीच असं नाही. मैत्री पन्नासेक वर्षं टिकली.

माझ्याकडचा संच एका वाचनालयाने मोडीत काढलेला. आधीच्या कोणा वाचकाने समासात पेन्सिलीने खुणा केल्यात. मराठा सरदाराचं नाव आलं की बरोबरची खूण, मुसलमान आलं की फुली. पहिल्या खंडात खुणांचा नुसता सडा. मला आधी राग आला, मग लाज वाटली, कारण मीही मनात नावं मोजतच होतो, फक्त फुल्या उलट्या होत्या. आरमाराचा दौलतखान आला की छाती फुगायची.

पुढे पुढे खुणांची पंचाईत होत गेलेली दिसते. आंग्र्यांच्या प्रकरणात तर फारच. 1756 मध्ये पेशव्याने इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्याचा बंदोबस्त केला, विजयदुर्गाखाली मराठ्यांचं आरमार जळालं, आणि त्याच वर्षीच्या तहात आमचं बाणकोट इंग्रजांना मिळालं. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. इथे बरोबर कोणाला, फुली कोणाला? पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने शेवटपर्यंत लढून पकडला आणि मारला गेला तो इब्राहिमखान गारदी. त्या पानांवर समास कोरा आहे. वाचकाने पुस्तक सोडलं की पेन्सील, ते मला कळायला मार्ग नाही. पण कोण होता तो, त्याला एकदा चहा पाजावा असं वाटतं.

दुकानाच्या दारातून डोंगर दिसतो. 1880 च्या गॅझेटियरात या किल्ल्याची लोकांकडून ऐकलेली हकीकत आहे, की मंडणगड शिवाजी महाराजांनी बांधला, पारकोट हबशाने आणि जांबा आंग्र्याने. खरं-खोटं पुरातत्त्ववाले ठरवतील. खाली पश्चिमेला वेळास, नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव. आत आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. एवढ्याशा तालुक्यात पेन्सील कुठे टेकवायची?

मुंबईचा भाचा म्हणतो, "मामू, एवढं कोण वाचतं? दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे, सगळं सांगतो." त्याने पाठवलेला बघितला. त्यात बाबर होता, तलवार होती, मागे ढोल होते. खरबूज नव्हतं. मी त्याला उत्तर म्हणून एक पान झेरॉक्स करून पाठवलं. 1529 च्या मे महिन्यातली रात्र, तरावीह होऊन गेलेली, बाबर लिहायला बसलाय. एकदम वादळ येतं, तंबू त्याच्या डोक्यावर कोसळतो, पानं भिजून चिंब. तो आणि त्याची माणसं ती पानं गोळा करतात, गालिच्यात गुंडाळतात, शेकोटी पेटवतात आणि उजाडेपर्यंत पानं वाळवत बसतात. भाच्याने नुसता अंगठा पाठवला. वाचलं की नाही देव जाणे.

आमच्याकडेही रात्री पाऊस कौलांतून आत आला. रियासतीचा पाचवा खंड कडेने भिजलाय. चुलीच्या वरच्या फळीवर उभा करून ठेवलाय, पानं फाकवून. शेजारी आठळ्या भाजतायत, आणि बायको दोनदा ओरडलीय की पुस्तकाला धुराचा वास लागेल.