अक्षराकडे परतलेला मास्तर

खत्ताती म्हटले की आपल्याला कुराणशरीफची पाने, मशिदींच्या कमानी आणि नस्तालीकची वळणे आठवतात. जपानमध्येही कुंचला आणि शाईने अक्षर लिहिण्याची तितकीच अदबशीर परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मुळापासून हलवणाऱ्यांत युइची इनोउए (१९१६–१९८५) हे नाव मला जवळचे वाटते. कारण हा माणूस पेशाने शाळामास्तर होता. १९७६ साली निवृत्त होईपर्यंत त्याने शाळा सोडली नाही.

१० मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकी विमानांनी टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले. सुमारे एक लाख माणसे गेली. इनोउए शिकवत होते त्या योकोकावा शाळेत आसऱ्याला आलेली शेकडो माणसे जळून, गुदमरून मेली. इनोउए बेशुद्ध पडले, पण वाचले.

१९५२ मध्ये क्योतोत त्यांनी मोरिता शिर्यू आणि इतर तिघांसह ‘बोकुजिनकाई’, म्हणजे शाईवाल्यांची मंडळी, स्थापन केली. उस्तादाची नक्कल करत घराणे चालवणे त्यांना मंजूर नव्हते. १९५५ च्या सुमारास इनोउएंनी तर अक्षरच सोडले. कुठल्याही भाषेत वाचता येणार नाहीत असे नुसते फटकारे ते मारू लागले. त्या काळच्या पाश्चात्त्य अमूर्त चित्रकलेशी हे जुळणारे होते.

पण ते अक्षराकडे परतले. १९५७ च्या साओ पाउलोच्या प्रदर्शनात त्यांचे ‘गुतेत्सु’ झळकले. मूर्खपण तडीस नेणे, असा त्या दोन अक्षरांचा आशय. पुढे ‘हिन’ म्हणजे गरिबी हे एकच अक्षर ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. त्या अक्षरात वर ‘वाटणे’ आहे आणि खाली कवडी. कवडी हे आपल्याकडेही एके काळी चलन होते; फुटक्या कवडीचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही.

योकोकावाची रात्र मात्र त्यांनी १९७८ साली, ६२ व्या वर्षी, स्वतःच्या शब्दांत भल्यामोठ्या कागदावर लिहून काढली. ओळी दाटीवाटीच्या, अक्षरे वेडीवाकडी. माझ्या वर्गात अशा हस्ताक्षराला गुण मिळाले नसते. पण मेलेल्यांबद्दल साक्ष द्यायची, तर नुसते फटकारे पुरत नाहीत, वाचता येणारे शब्दच लागतात. आणि ते सुबक असलेच पाहिजेत असे नाही.