लोखंड लागलं की

रावेतच्या बंधाऱ्यावर आज पिंपरी-चिंचवडला लागणारं पाणी उपसतात. तिथल्या काठावर एके काळी माणसं पुरली होती, असं आजी सांगायची. तिनेही हे पाहिलेलं नव्हतं, तिच्या सासूने पाहिलेलं. १९१८ साली पाऊस रुसला आणि त्यातच मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, आली. "सकाळी शेतात गेलेला गडी सांजंला आडवा. जाळायला सरपण पुरंना, मग काय करत्यात?" जूनमध्ये मुंबईला लागलेला ताप पावसाळा सरता सरता दुसऱ्यांदा उसळला, तो गावोगाव शिरला. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली असावीत. लस सोडाच, हा ताप कशाने येतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ साली.

प्लेगच्या गोष्टी मात्र आजी दबक्या आवाजात सांगे. १० जानेवारी १८९७ रोजी शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत आपली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. पण त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी प्लेगचे रोगी शोधायला घरं उघडून झडती घ्यायला सुरुवात केली, आणि जूनमध्ये आमच्या शेजारच्या चिंचवडच्या चापेकरांनी प्लेगचा अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकार औषध घेऊन दारात आलं तरी कडी लावायची, ही सवय आमच्याकडे अशी मुरलेली आहे. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी ते वर्ष वाचावं.

ही कडी उघडली ती देवीची लस टोचणाऱ्या देवी डॉक्टरांनी. ते वर्षानुवर्षं येत राहिले, लोकांनी त्यांना चहाही पाजला. आजीच्या दंडावर त्या टोचणीचे वण होते, आणि शाळेत पुन्हा टोचल्याची आठवणही. "एकदा टोचलंय की" असं म्हटल्यावर डॉक्टरांनी तिला शेजारच्या एका म्हाताऱ्याचा वणांनी भरलेला चेहरा दाखवला होता म्हणे. तेवढं पुरलं.

माझे चुलते, अप्पा, पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर होते. बोटात चूर घुसली, पत्रा लागला, की कुणी न सांगता टीटी घ्यायला जायचे. चाकणपासून भोसरीपर्यंत हेच चालतं. लहानपणी घेतलेल्या लशीचा जोर ओसरतो म्हणून धनुर्वाताची मात्रा पुन्हा द्यावी लागते. म्हणजे हा बूस्टरच. पण त्यावर कधी वाद झालेला मी ऐकला नाही. जखम डोळ्यांसमोर असते ना!

करोनाच्या पहिल्या दोन डोसांसाठी पहाटेपासून रांगा लावणारा हाच पट्टा तिसऱ्याच्या वेळी घरी बसला. १५ जुलै २०२२ पासून पंचाहत्तर दिवस अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना तो सरकारी केंद्रांत फुकट होता. आमच्या सोसायटीत बोलणं एकच: "आता कुठंय करोना?"

फ्लूच्या लशीची गत त्याहून अवघड. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी गर्दी उसळली, आणि दोनेक पावसाळ्यांत सगळं विसरलं गेलं. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही बदलते आणि दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात त्याचा जोर असतो. टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे लागतात. तेव्हा टोचायची वेळ पावसाच्या आधीची. राज्य सरकारने २०१५ पासून गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत द्यायला घेतली, पण हे किती घरांत माहीत आहे? कंपन्यांनी मे महिन्यात गेटवरच टोचणी ठेवली, तर शंभर फलकांपेक्षा जास्त काम होईल असं मला वाटतं.

अप्पांना साखर आहे. फ्लूच्या लशीसाठी मी दोन वर्षं मागे लागलो होतो. "मला कुठं लागलंय?" हे त्यांचं उत्तर. शेवटी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघता बघता बाही आणखी वर करायला सांगितली, आणि अप्पांनी मुकाट केली. पैसे देताना मात्र कंपाउंडरशी बराच वेळ हुज्जत घातली: टीटी एवढी स्वस्त, मग हिलाच काय सोनं लागलंय?