आमवात आणि पूरक उपचार : काय घ्यावे, काय टाळावे

सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहणे आणि दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजणे ही आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, नेहमीची लक्षणे होत. वयोमानानुसार गुडघे झिजल्याने होणारा संधिवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास तो असल्याचे दिसले.

सांध्यांची कायमची हानी बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी आजार आवरणारी औषधे लवकर सुरू करणे महत्त्वाचे असते. इतर उपचार या औषधांच्या जोडीला असावेत, त्यांच्या जागी नव्हे.

आयुर्वेद : 'माधवनिदान' या प्राचीन ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. कोइम्बतूर येथील ४३ रुग्णांच्या एका चाचणीत (२०११) आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशा तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली. तथापि रुग्णसंख्या लहान असल्याने त्यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. महायोगराज गुग्गुळात धातूंची भस्मे असतात. ती वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. गुळवेलीबाबत अधिक सावध राहावे. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला. मेथोट्रेक्सेटचाही यकृतावर परिणाम होऊ शकत असल्याने दोन्ही एकत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अगत्याचे आहे.

होमिओपॅथी : इंग्लंडमधील २००१ सालच्या चाचणीत या गोळ्यांचा परिणाम औषधविरहित गोळ्यांहून अधिक आढळला नाही. २०११ सालच्या दुसऱ्या चाचणीत रुग्णांना लाभ झाला, पण तो गोळ्यांमुळे नव्हे, तर चिकित्सकाने निवांतपणे केलेल्या विचारपूशीमुळे.

योग आणि व्यायाम : अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली नियमित व्यायामाची ठाम शिफारस केली. ठाण्यातील घंटाळी मित्र मंडळ व अंबिका योग कुटीर या संस्था योगशिक्षणासाठी परिचित आहेत. वर्गात जाताना आपला आजार शिक्षकांना अवश्य सांगावा. आमवातात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात, त्यामुळे शीर्षासन, सर्वांगासन आणि मानेला झटका देणारी मालिश टाळावी. मनगटांवर भार देणारी आसनेही सूज असताना करू नयेत.

शेक : भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांत सांधेदुखीचे अनेक रुग्ण स्नान करतात. उष्णतेने आखडलेपणा तात्पुरता सैल होतो, आजार थांबत नाही. घरी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवल्यानेही तसाच आराम मिळतो.

आहार : बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतील ओमेगा-३ मेदाम्लांमुळे वेदना काहीशी कमी होऊ शकते. मासे तळण्यापेक्षा कालवणात घ्यावेत. धूम्रपान मात्र बंदच करावे. त्याने आजार बळावतो.

निनावी पुड्या : 'दोन दिवसांत आराम' देणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले आढळते. अशा पुड्या चालू असतील तर अचानक थांबवणेही धोक्याचे असते; त्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

कोठे जावे : ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील रुग्णांना परळच्या केईएम रुग्णालयात संधिवात विभाग उपलब्ध आहे. शास्त्रशुद्ध आयुर्वेदिक सल्ल्यासाठी वरळीचे पोदार रुग्णालय आहे. दोन्हीकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची, काढ्या-चूर्णांसह, यादी सोबत न्यावी. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या डबीवर तो वार ठळक लिहून ठेवावा.