माजघर
माजघर : पारंपरिक मराठी घरातील ओसरी व स्वयंपाकघर यांच्या मधले दालन. वाड्यात ओसरी व दिवाणखाना पुरुषांकडे, तर माजघर व मागील चौक स्त्रियांकडे असे. निवडटिपण, मुलांची निजानीज व दुपारची विश्रांती येथे होई. परपुरुष सहसा येथे येत नसे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात रूढ झालेले ‘बुद्वार’ हे एकट्या स्त्रीचे दालन होते. माजघर मात्र सासू, सुना, लेकी व विधवा यांचे सामाईक असे. त्यामुळे तेथे स्त्रीला आडोसा लाभला, एकांत नव्हे. १८७३ मधील विवाहानंतर रमाबाई रानडे यांना पतीने शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा घरातील स्त्रियांनीच विरोध केल्याचे त्यांच्या आत्मचरित्रात (१९१०) आढळते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईतील सदनिकांच्या रचनेत माजघर उरले नाही. मात्र स्त्रीच्या स्वतंत्र दालनाची सोयही त्यांत सहसा आढळत नाही.