रस्त्यावरची शर्यत : कुणाची आणि कुणासाठी?



धावणे, चालणे आणि सायकल हाकणे ही कामे कष्टकरी माणूस पोटासाठी रोजच करीत आला आहे. परंतु या कामांच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा प्रथम वगळला गेला तो हाच माणूस. कामगारांत आयुष्य काढलेल्या आम्हांस हा इतिहास म्हणूनच मोलाचा वाटतो.

इंग्लंडात १८६० नंतरच्या काळात ‘हौशी’ धावपटूची व्याख्या ठरली. तीत कारागीर आणि मजूर यांना जागाच नव्हती. अंगमेहनतीने ज्याचे शरीर कसलेले आहे, त्याच्याबरोबर सद्‌गृहस्थांनी कसे पळावे, असा युक्तिवाद! १८८० साली नवी संघटना निघाली तेव्हा ही अट गेली. सायकलीने पुढचे काम केले. १८९४ साली बर्मिंगहॅमला समाजवादी तरुणांनी क्लॅरियन सायकल क्लब काढला. १९०३ साली फ्रान्सची मोठी सायकल शर्यत जिंकणारा मॉरिस गारँ लहानपणी धुराडी साफ करीत असे. १९२५ साली तर फ्रँकफर्टला कामगारांनी आपले स्वतंत्र ऑलिंपिक भरवले.

आमच्या महाराष्ट्राची कथा याहून निराळी आहे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याचे सामने झाले. अध्यक्ष सर दोराबजी टाटा पाहतात तो लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी गडी अनवाणी धावत आहेत, आणि वेळही चांगली देत आहेत! त्यातून पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी पथक गेले. टाटांनी पदरचे पैसे घातले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. ती शर्यत पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. धुळ्याहून निघालेला माणूस तेवढ्यात शिरपूरच्या जवळ येऊन ठेपेल! पुढे मुंबई-पुणे सायकल शर्यत गाजली. तीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास लोक ‘घाटाचा राजा’ म्हणत. असा राजा होण्यास कुळ लागत नाही, मांड्यांत बळ लागते.

स्त्रियांना मात्र फार थांबावे लागले. ऑलिंपिकमध्ये त्यांची मॅरेथॉन १९८४ साली प्रथम झाली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या आदिवासी मुलीने, कविता राऊतने, २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. आमच्या सातपुड्यातील पाड्यांवरही डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणाऱ्या मुली आहेत. त्यांच्यापर्यंत शर्यतीची वर्दी पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गावात शर्यत निघाली की ती डॉक्टर-वकिलांचीच न राहता हमालाची, सूतगिरणीच्या कामगाराची आणि शेतमजूर बाईचीही झाली पाहिजे. प्रवेशशुल्क रोजच्या मजुरीला भारी पडू नये. पाळीवरून सुटलेल्यालाही येता येईल अशी वेळ ठेवावी. ज्याला धावणे झेपत नाही त्याने चालावे. चालण्याच्या शर्यतीत एक पाय सदैव जमिनीला टेकलेला लागतो. जमिनीवर पाय असणाऱ्यांना ते अवघड नाही! आणि चालणेही होत नसेल तर कोपऱ्यावर उभे राहून पाणी द्यावे, वाहने थोपवावीत. पाणी देणारा हातही त्या शर्यतीत सामीलच असतो.

रस्ता सर्वांच्या श्रमाने बांधला जातो. त्यावरची शर्यतही सर्वांचीच असावी.