पोळ्याचं पुरण सहा महिने आधी सुरू होतं



पोळा श्रावणातल्या अमावस्येला. त्या दिवशी आपल्या टेंभुर्णीच्या शिवारात कपाशी पात्या-फुलांवर असते, सोयाबीन शेंगा भरत असतं. पण ताटात यातलं काहीच नसतं. पुरणाचा हरभरा माघ-फाल्गुनात निघालेला, गहू त्याच्या मागोमाग, कुरडई वैशाखाच्या उन्हात वाळलेली. पावसाळ्यातला सगळ्यात मोठा सण आपण मागच्या रब्बीवर जेवतो.

आई सांगते, तिच्या सासूच्या काळात पोळ्याची तयारी खळ्यावरच सुरू व्हायची. सणाचा हरभरा पहिल्यांदा बाजूला काढायचा, मग बाकीचा बाजार. अख्ख्या हरभऱ्याला भुंगा लवकर लागतो, डाळीला त्या मानानं कमी, म्हणून उन्हाळ्यातच डाळ करायची. पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायचा, कडक वाळवायचा, जात्यावर भरडायचा. चुनी बैलाच्या आंबोणात जायची, डाळ कडुनिंबाच्या पाल्यासोबत शेणानं सारवलेल्या कणगीत. कुरडईला गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढायचा, तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. आणि हे सगळं पेरणीच्या आधी उरकायचं, कारण एकदा मृग लागला की बाई पण वावरात.

आता 1973 चा पोळा. 1972 च्या दुष्काळाबद्दल सगळे बोलतात, त्याच्या पुढच्या पोळ्याबद्दल कोणी बोलत नाही. तेव्हा आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो, जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला. 72 चा पावसाळा गेला, त्यामागं रब्बी पण गेली. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, कामावर सुकडी. 73 ला पाऊस चांगला झाला, पिकं उभी राहिली. आई तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणते, "रान हिरवंगार होतं बाबा, पन कणगी झाडून ठेवल्याली होती." पाऊस आला तरी हरभरा यायला अजून सहा महिने होते!

जोडीतला एक बैल उन्हाळ्यातच गेला होता. उरलेल्या एकाची आदल्या दिवशी खांदेमळणी केली, हळद-तेल लावून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. आता आवतण दिलं म्हणल्यावर जेवू घालणं आलंच. आजीनं कुठून तरी ओंजळभर डाळ उसनी आणली. त्यात तीन पोळ्या झाल्या. एक बैलाला, एक देवाला, तिसरीचे तुकडे लेकरांना. मोठ्यांनी मिलोची भाकर खाल्ली. पुढच्या फाल्गुनात हरभरा झाल्यावर आजीनं आधी ती उसनी डाळ फेडली, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन पोळ्यांचा हरभरा ठेवायची रीत पडली. एक साल बुडालं तरी ताट रिकामं नको.

ही रीत मोडली ती दुष्काळानं नाही, माझ्या हातानं. 2002 ला बीटी कपाशीला परवानगी मिळाली, नंतरच्या काही वर्षांत आमचं निम्मं रान कपाशीखाली गेलं. कपाशी जानेवारीपर्यंत रान सोडत नाही, त्या तुकड्यात हरभरा कसा पेरणार? सोयाबीनच्या रानात पेरतो, चांगला येतो. पण मार्चमध्ये बँकेचा हप्ता, दुकानदाराची उधारी, म्हणून पोतं न पोतं मोंढ्यात जायचं. आणि ऑगस्टमध्ये मी त्याच हरभऱ्याची डाळ किराणा दुकानातून पिशवीत आणायचो. एका पोळ्याला आईनं ती पिशवी हातात घेऊन पाहिली, काही बोलली नाही. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन वर्षांपासून खळ्यावरच 30 किलो बाजूला ठेवतो. तीसातून डाळ साधारण 21-22 किलो पडते. किलोभर डाळीला जवळपास तेवढाच गूळ, पोळ्या पंचवीसेक. आमच्या घरचं सगळं माणूस, लेकी-जावई धरून, चार किलोत भागतं. बाकी वर्षभराच्या स्वयंपाकाला आणि पुढच्या सालाला. जातं पडून आहे, डाळ आता गिरणीवर करून आणतो, चुनी मात्र परत मागून घेतो.

चुनी कोणाला, असं विचाराल. गोठ्यात बैल नाही, नांगरट ट्रॅक्टरनं होते. पोळ्याला घरात मातीची जोडी पुजतो. पण आई तेवढ्यावर ऐकत नाही. संध्याकाळी ताटात पुरणाची पोळी घेऊन शेजारच्या वावरवाल्याच्या जोडीला घालून येते, आणि चुनीचं गाठोडं माझ्या डोक्यावर असतं.